आयटीआयमध्ये पंखा-दुरुस्तीचं काउंटर
इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या मुलामुलींना नोकरीआधी खरं गिऱ्हाईक भेटायलाच हवं. त्यासाठी आयटीआयमध्येच दुरुस्तीचं काउंटर उघडा. आठवड्यातून एक दुपार ठरवा आणि फक्त छताचे पंखे घ्या. मिक्सर, गिझर नंतर. चौघांचा गट करा: एक काउंटरवर, दोघं दुरुस्तीला, एक तपासणी-हिशोबाला. कामं दर आठवड्याला फिरवा, नाहीतर बोलकी मुलंच काउंटर धरून बसतात.

जॉब कार्डवर, म्हणजे प्रत्येक पंख्याच्या कामाच्या नोंदीच्या कार्डावर, तक्रार गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहा. ‘हळू फिरतो’ म्हटलं तर आधी कपॅसिटर (मोटर फिरायला मदत करणारा छोटा भाग) बघा. बहुतेक पंख्यांत २.५ मायक्रोफॅरडचा असतो. घरघर असेल तर बेअरिंग, साधारण ६२०१ किंवा ६२०२ नंबरचं. जुन्यावरचा नंबर वाचूनच नवं आणा. खर्च सांगून होकार घेतल्याशिवाय एकही भाग बदलायचा नाही, भांडणं इथेच होतात. परत देण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) वाइंडिंग म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी आणि बॉडी यांमधलं इन्सुलेशन तपासा. २ मेगाओमपेक्षा कमी आलं तर पंखा द्यायचा नाही. शेवटची सही निदेशकांची, म्हणजे ट्रेड शिकवणाऱ्यांचीच.

बिलात सुट्या भागांची किंमत आणि मजुरी वेगळी दाखवा. मजुरी फुकट ठेवू नका. स्वतःच्या कामाचा दर सांगणं मुलांना सर्वांत जड जातं. तक्रारीसह परत आलेला पंखा त्याच गटाकडे द्या. गिऱ्हाइकाचं नाव-नंबर झाकून जॉब कार्डांच्या प्रती मुलाखतीला न्यायला सांगा.