बाणाचं पातं घडवताना हातोडा कसा चालवावा

भट्टीवर नवीन आलेला माणूस आधी विचारतो, हातोडा किती वजनाचा घेऊ? बाणाच्या पात्याला पाऊण ते एक किलोचा पुरतो. खरं बघायचं ते त्याचं तोंड. दुकानातून आणलेल्या हातोड्याच्या कडा धारदार असतात. हात जरा कलला की लोखंडावर खोल वण उठतो, आणि एवढ्याशा पात्यावरचा वण कानशीनं काढायचा म्हणजे पातंच निम्मं होतं. कडा ग्राइंडरवर गोल करून घ्या, मधे किंचित फुगवटा ठेवा.

मी हे काम रस्त्याकडेला पाल टाकलेल्या एका घिसाडी कुटुंबाकडे शिकलो. बुवा सांडशीत लोखंड धरून छोट्या हातोडीनं जागा दाखवायचे, बाई उभ्यानं घण घालायच्या. हातोडी ऐरणीवर नुसतीच टणकली की थांबायचं, बोलणं नाही. मी बघत असे ते बाईंचे हात. घण वर नेताना कष्ट, खाली येताना त्या मूठ जवळजवळ सोडूनच देत. पडायचं काम घणाचं. ऐरणीवरून तो उसळला की त्याच उसळीवर पुन्हा वर. हातोड्यालाही हेच लागू. दांडा आवळून धरलात तर तासाभरात मनगट धरतं आणि घाव तिरके पडतात. ऐरण एवढीच उंच ठेवा की ताठ उभं राहिल्यावर वळलेली मूठ तिला टेकेल.

सळई ८ मिमीची, साधी गोल घ्या. बांधकामाची पिळाची नको. तिच्या धारा घावाखाली दुमडून आत जातात आणि पुढे तिथंच चीर पडते. जस्ताचा मुलामा असलेलं लोखंड तर भट्टीत घालूच नका, धूर विषारी असतो. तुकडा आधी कापू नका. लांब सळई हातात धरूनच टोक काढा, सांडशीची कटकट वाचते.

आता टोक. सगळी गोम इथंच आहे. नवखा माणूस सळई ऐरणीवर आडवी ठेवून हलके हलके ठोकत बसतो. वरचं लोखंड पुढे सरकतं, गाभा मागे राहतो आणि टोकाला खळगा पडतो. पुढे तो मिटल्यासारखा दिसतो, पण आत फट तशीच असते. म्हणून सळईची मागची बाजू थोडी उचला, हातोडाही तेवढाच तिरका धरा आणि अगदी शेवटाला आखूड, जाड टोक आधी करून घ्या. मग मागे मागे येत लांबवा. दोन घाव, पाव फेरा, दोन घाव. सळई आधी चौकोनीच निमुळती करायची; गोल हवी असेल तर नंतर चार कोपरे मारून अष्टकोन, मग गोल. पाव फेरा नीट झाला नाही तर चौकोनाची शंकरपाळी होते. तसं दिसलं की लगेच थांबा, तापवा आणि लांब कर्णावर मारून सरळ करा. पुढे बघू म्हटलं तर ती आणखी कलत जाते.

लोखंड पिवळसर केशरी असताना मारा, गडद लाल झालं की परत भट्टीत. बारीक टोक बघता बघता थंड होतं, कारण ऐरणही उष्णता ओढते. त्यामुळे कुठे मारायचं ते सळई भट्टीत असतानाच ठरवा. आणि भाता मारताना नजर टोकावर हवी. पांढरं होऊन ठिणग्या उडाल्या म्हणजे ते जळलं, तेवढं छाटून टाकायचं.

रोज भट्टी पेटवणं परवडत नसेल तर शाडूच्या मातीची कांडी करून हातोडीनं ठोका. माती तापल्या लोखंडासारखीच सरकते. टोकाचा खळगा आणि शंकरपाळी तिच्यातही दिसते, कोळसा न जाळता.

एका संचातली पाती सारख्या वजनाची हवीत, नाहीतर प्रत्येक बाण वेगळा पडतो. ८ मिमी सळई दर सेंटीमीटरला साधारण ४ ग्रॅम भरते. २० ग्रॅमचं पातं हवं तर टोक काढण्याआधीच सळईच्या शेवटापासून ५ सेंमीवर छन्नीची खूण करा. तापवताना निघणाऱ्या काळ्या खपलीत थोडं जातंच, म्हणून खूण दोन-तीन मिमी पुढे घ्या आणि शेवटी काट्यावर बघत कानशीनं उतरवा.