टॉपवॉटर लुअर फिरवताना मनगट दुखतं? या चुका टाळा

टॉपवॉटर लुअर म्हणजे मासे पकडायला पाण्याच्या पृष्ठभागावर चालवायचं नकली आमिष. त्यातली लांबट पेन्सिल लुअर पाण्यावर डावी-उजवी वळत चालत नसेल, तर बहुतेक जण रॉड आणखी जोरात झटकतात. मनगटाचं दुखणं सुरू होतं ते इथेच. पेन्सिल चालते ती ढिलीवर. प्रत्येक झटक्यानंतर दोरी क्षणभर सैल पडली, तरच तिचं नाक दुसऱ्या बाजूला वळतं. दोरी ताठ राहिली की ती सरळ पुढे येते आणि पाण्याची सगळी ओढ हातावर पडते.

खाडीत जिताडा किंवा तांबोशीसाठी गरवताना रॉडचं टोक पाण्याकडे झुकवा. ते 15-20 सेंमी हलवा, लगेच लुअरच्या दिशेने परत न्या आणि जेवढी ढील सुटली तेवढीच गोळा करा. रीलची पाव ते अर्धी फेरी पुरते. लय तुटली तर जोर वाढवू नका, रील हळू फिरवा. बहुधा दोरी जास्त गोळा झालेली असते.

दुसरी चूक पकडीत. रॉडचा मागचा दांडा हवेत ठेवून नुसत्या मनगटाने रॉड हलवला, की मनगट अंगठा आणि करंगळीच्या बाजूंना शेकडो वेळा वाकतं. स्पिनिंग रीलचा पाय (रॉडला जोडणारा भाग) मधलं बोट आणि अनामिकेच्या मध्ये घ्या. दांड्याची शेपटी कोपरापर्यंत हाताखाली टेकवा. मनगट सरळ ठेवून हात कोपरातून हलवा. दांडा आखूड असेल तर हा टेकू मिळतच नाही, म्हणून रॉड घेतानाच रील लावून पाहा. रॉड पुढे फार झुकत असेल, तर ते वजन दिवसभर मनगटच तोलणार. अंगठ्याच्या मुळाशी कळ आली की त्या दिवशी थांबा. सूज किंवा मुंग्या राहिल्या तर डॉक्टरांना दाखवा.

बांधणीकडेही बघा. लुअरच्या कडीला घट्ट आवळलेली गाठ त्याला वळू देत नाही. लूपची गाठ किंवा छोटा स्नॅप (उघडझाप होणारी कडी) वापरा. फ्लुरोकार्बनचा लीडर (लुअरला बांधलेला दोरीचा शेवटचा तुकडा) बुडतो आणि हलक्या पेन्सिलचं नाक खाली खेचतो, तिथे नायलॉनचा बरा. मूळ गळ काढून जड ट्रेबल (तीन टोकांचे गळ) लावले, तरी लुअर खोल बसतो आणि जास्त ओढ मागतो.

पॉपर या दुसऱ्या टॉपवॉटर लुअरचं गणित वेगळं. त्याचं खोलगट तोंड पाणी ढकलतं, त्यामुळे 40-50 ग्रॅमचा पॉपर मनगटाने झटकणं म्हणजे दुखापतीला आमंत्रण. दांडा कमरेशी टेकवा, खांदे आणि कंबर वळवून ओढा, मग ढील गोळा करा.

मरळीसाठी पोकळ फ्रॉग (बेडकाच्या आकाराचा मऊ लुअर) वापरत असाल तर दर काही फेकींनंतर तो दाबून आतलं पाणी काढा. पाणी भरलेला फ्रॉग जड होतो, खाली बसतो, आणि आपण नकळत जोर वाढवतो.

उंच खडपावरून टोक खाली नेताना मनगट हमखास मुडपतं. अशा वेळी रॉड आडवा धरून बाजूला हलवा. टोक पाण्याजवळ नेण्यासाठी ओल्या खडपावरून खाली उतरू नका.