सुई कोणत्या वाटेने गेली, हे आधी विचारा

सोलापुरात पॅथॉलॉजीचे पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून मी सायटॉलॉजीच्या, म्हणजे पेशी तपासून निदान करण्याच्या, कामाला लागले, तेव्हा स्वादुपिंडाचा नमुना टेबलावर आला की मला धास्ती वाटत असे. थायरॉइडची किंवा मानेतली गाठ हाताला लागते आणि तिच्यात सुई आपणच घालतो; स्वादुपिंड मात्र जठराच्या मागे दडलेले असते आणि तिथला नमुना दुसऱ्याच कोणी तरी घेतलेला असतो. या कामात नव्याने येणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते, की पेशी कोणत्या वाटेने आणि कशा काढल्या हे समजल्याशिवाय सूक्ष्मदर्शकाला डोळा लावू नये.

घन गाठीसाठी आज मुख्यतः एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड, म्हणजे ईयूएस, वापरतात. दुर्बिणीच्या टोकाशी असलेल्या सोनोग्राफीच्या मदतीने गाठ पाहत पाहतच सुई आत जाते. या पद्धतीने स्वादुपिंडातील नमुना १९९२ साली प्रथम घेतला गेला. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याकडे असेल तर सुई लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून, म्हणजे ड्युओडेनममधून जाते आणि मध्यभागी किंवा शेपटीकडे असेल तर जठरातून. सुया १९, २२ आणि २५ गेजच्या असतात; गेजचा आकडा जितका मोठा, तितकी सुई बारीक. ड्युओडेनमच्या वळणावर १९ गेजची ताठ सुई नीट चालत नाही, तर २५ गेजची लवचीक सुई तिथे सहज वळते. साध्या एफएनए (फाइन नीडल ॲस्पिरेशन) सुईने सुट्या पेशी मिळतात, तर एफएनबीच्या (फाइन नीडल बायॉप्सी) खास टोकाच्या सुईने ऊतीचा बारीक धागा हाती येतो, ज्यावर पुढे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींतील ठरावीक प्रथिने रंगवून ओळखण्याची तपासणी, करता येते. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरची (संप्रेरके बनवणाऱ्या पेशींच्या गाठीची) शंका असेल तर हा धागा मोलाचा ठरतो, कारण सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन आणि केआय-६७ या प्रथिनांच्या तपासणीशिवाय तो अहवाल पुरा होत नाही.

सुईच्या वाटेला मी एवढे महत्त्व देते, त्याला कारण आहे. सुई ज्या भिंतीतून जाते, त्या भिंतीच्या पेशीही सोबत घेऊन येते. ड्युओडेनममधून आलेल्या नमुन्यात गॉब्लेट पेशींचे (आतड्याच्या अस्तरातील श्लेष्मा बनवणाऱ्या पेशींचे) ठिपके असलेले सपाट पापुद्रे दिसतात आणि ते ओळखणे तुलनेने सोपे असते. जठरातून आलेल्या नमुन्यात मात्र श्लेष्मा भरलेल्या पेशी असतात आणि त्या म्यूसिनस सिस्टच्या, म्हणजे श्लेष्मा बनवणाऱ्या द्रवभरल्या गाठीच्या, पेशींसारख्याच दिसतात. वाट ठाऊक नसलेला वाचक इथे हमखास फसतो. ॲडेनोकार्सिनोमाच्या, म्हणजे ग्रंथींच्या पेशींपासून होणाऱ्या कर्करोगाच्या, पापुद्र्यात मधमाशांच्या पोळ्यासारखी नेहमीची रचना विस्कटलेली असते आणि एकाच पापुद्र्यातील केंद्रकांच्या आकारात चौपटीपर्यंत तफावत आढळते. ही खूण मी आजही प्रत्येक नमुन्यात आवर्जून शोधते.

पित्तनलिकेची गोष्ट वेगळी आहे. अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शीकडून किंवा सीमेपलीकडून विजयपूर-कलबुर्गीकडून कावीळ घेऊन आलेल्या रुग्णांपैकी कित्येकांनी आधी झाडपाल्याच्या औषधात काही आठवडे घालवलेले असतात. नलिका अरुंद झालेली दिसली की ईआरसीपी करून, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत पोचून, त्या जागी ब्रश फिरवतात आणि मग नलिका उघडी ठेवणारी नळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. हा क्रम पाळला जावा, असा माझा आग्रह असतो. स्टेंटमुळे चिडलेल्या अस्तराच्या पेशी कर्करोगाच्या पेशींशी इतक्या मिळत्याजुळत्या दिसतात की निदान अवघड होऊन बसते. ब्रशची मर्यादाही प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा कर्करोग पुष्कळदा तंतुमय ऊतीत लपून अस्तराखालून पसरतो, त्यामुळे ब्रशच्या वाट्याला वरच्या निरोगी पेशीच येतात, आणि ब्रशने निम्म्याहून कमी कर्करोग सापडतात. ब्रशमध्ये कर्करोग दिसला तर तो बहुधा खराच असतो, पण दिसला नाही म्हणून तो नाही, असे कधीही समजू नये. ब्रशच्या जोडीने फोर्सेप्सने (चिमट्याने) तुकडा घेतला तर पदरात अधिक पडते.

माझ्या पहिल्या नोकरीत, मे महिन्यातल्या एका दुपारी, ब्रशच्या स्लाइड पंख्याखाली उघड्या ट्रेमध्ये राहून गेल्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात पातळ थर सुकायला एक मिनिटही पुरते. पॅप स्टेनमध्ये (पेशी रंगवण्याच्या एका पद्धतीत) केंद्रके फुगलेली आणि फिकट दिसली, मला नमुना अपुरा म्हणून कळवावे लागले आणि त्या रुग्णाला पुन्हा ईआरसीपीला सामोरे जावे लागले. त्याची मला आजही खंत वाटते. तेव्हापासून ९५ टक्के इथेनॉलची बरणी झाकण काढून हाताशी ठेवल्याखेरीज मी ब्रश बाहेर काढू देत नाही. पॅपची स्लाइड ओली असतानाच इथेनॉलमध्ये जाते, जीमसा या दुसऱ्या रंगाची मात्र मुद्दाम हवेत सुकवायची. दोन्हींची गल्लत झाली तर दोन्ही वाया जातात. ब्रश आवरणासह एकत्रच बाहेर काढावा, म्हणजे पेशी वाटेत घासून जात नाहीत, आणि त्याचे टोक कापून द्रावणाच्या बाटलीत टाकावे. सुईतून आलेले रक्ताचे गोळेही फेकू नयेत; ते फॉर्मॅलिनमध्ये घालून सेल ब्लॉक, म्हणजे पातळ काप घेता येतील असा मेणाचा ठोकळा, करावा, कारण पुष्कळदा निदान त्यांतच सापडते.

सिस्टच्या द्रवाबद्दल थोडक्यात सांगते. द्रव थोडाच असतो, म्हणून कोणत्या तपासणीला किती द्यायचा, ही विभागणी आधीच ठरवावी. द्रवातील सीईए हे प्रथिन १९२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असेल तर सिस्ट म्यूसिनस असण्याची शक्यता वाढते, पण ती कर्करोगाची आहे की नाही, हे त्या आकड्यावरून ठरत नाही.

अहवाल जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या पद्धतीनुसार सात गटांत द्यावा. त्यातील ‘अपुरा’ आणि ‘निर्दोष’ हे दोन गट वेगळे आहेत, हे नव्या मंडळींच्या मनावर मी पुन्हा पुन्हा बिंबवते. स्कॅनमध्ये स्पष्ट गाठ दिसत असेल आणि स्लाइडवर फक्त जठराच्या पेशी असतील, तर तो नमुना अपुराच आहे. अशा वेळी मी अहवाल टाइप करण्याआधी गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्टना फोन करते आणि सुई गाठीत कितपत शिरली होती, ते विचारून घेते.