वॉकीटॉकीवर ‘रॉजर’ म्हणजे ‘हो’ नव्हे
सिक्युरिटीच्या ड्युटीवर नवा आलेला माणूस पहिल्याच दिवशी टेन-कोड, म्हणजे वॉकीटॉकीवर ठरावीक निरोपांसाठी वापरायचे ‘१०’ने सुरू होणारे आकडे, पाठ करायला बसतो. करा, पण आधी आपल्या टीमचा तक्ता मागून घ्या. १०-४ म्हणजे ‘निरोप मिळाला’, हे जवळपास सगळीकडे सारखं; बाकीच्या आकड्यांचे अर्थ मात्र संस्थेगणिक बदलतात. जुन्या नोकरीतला कोड नव्या ठिकाणी वापरलात की घोटाळा ठरलेलाच.

खरी गफलत ‘रॉजर’मुळे होते. त्याचा अर्थ ‘ऐकलं’, एवढाच. ‘ऐकलं आणि करतो’ म्हणायचं असेल तर ‘विल्को’. ‘ओव्हर’ म्हणजे आता तुम्ही बोला, ‘आउट’ म्हणजे माझं बोलणं संपलं, उत्तर नको. ‘ओव्हर अँड आउट’ सिनेमातच शोभतं.

बटण दाबल्यावर सेकंदभर थांबून बोला. नाहीतर ‘नका सोडू त्याला’मधला ‘नका’च कापला जातो आणि पलीकडे ‘सोडू त्याला’ एवढंच पोचतं. गाडीचा नंबर सांगताना बी आणि डी कानाला सारखेच लागतात. बीसाठी ब्राव्हो, डीसाठी डेल्टा म्हणा.

आणि आग लागली तर कोड आठवत बसू नका. सरळ सांगा: ‘आग, दुसरा मजला, मागचा जिना.’