जुना ट्रॅक्टर कोळशाच्या गॅसवर चालवताना या चुका टाळा

ड्रमच्या भट्टीत लाकडी कोळसा अर्धवट जाळून तयार होणाऱ्या गॅसवर लावलेला ट्रॅक्टर चढावर दमायला लागला की पहिला हात डिझेल पंपाकडे जातो. तिथे सहसा काहीच बिघडलेलं नसतं. लाकडी कोळशाच्या गॅसमध्ये जळणारा कार्बन मोनॉक्साइड जेमतेम 28–30 टक्के, थोडा हायड्रोजन, आणि 60 टक्क्यांच्या आसपास न जळणारा नायट्रोजन असतो. इतक्या पातळ गॅसमध्ये कोळसा थोडा ओला असला किंवा एखाद्या सांध्यातून हवा शिरली, तर इंजिन लगेच दाखवून देतं. म्हणून पाना उचलण्याआधी कोळसा आणि सांधे तपासा. कोकणात तर हे दुप्पट खरं, कारण इथली दमट हवा कोळशाला आणि खारी हवा पत्र्याला सोडत नाही.

डिझेल पूर्ण बंद करायचा हट्ट

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. गॅस पेटवायला 20 ते 30 टक्के डिझेल आत जावंच लागतं. गॅसचा पाइप एअर क्लीनर आणि इनलेट मॅनिफोल्ड यांच्या मध्ये जोडायचा, गॅसला एक व्हॉल्व्ह आणि हवेला एक. ट्रॅक्टर डिझेलवर सुरू करून मध्यम रेसवर ठेवा आणि गॅसचा व्हॉल्व्ह सावकाश उघडा. गव्हर्नर (इंजिनाचा वेग एकसारखा राखणारा भाग) आपणहून डिझेल कमी करतो, पंपाला हात लावावा लागत नाही. काळा धूर आला किंवा इंजिन ठोके द्यायला लागलं की हवा अपुरी पडतेय. गॅस थोडा मागे घ्या. बचतीच्या नादात डिझेल आणखी आवळलं तर इंजेक्टरची टोकं जळतात, कारण त्यांना थंड ठेवायचं काम त्यांतून जाणारं डिझेलच करत असतं.

बचत अंदाजाने सांगू नका, मोजा. खुणा केलेल्या बाटलीतून डिझेल द्या आणि इंजेक्टरची रिटर्न लाइनही (जादा डिझेल परत आणणारी नळी) त्याच बाटलीत सोडा, नाहीतर आकडा खोटा येईल. नुसत्या डिझेलवर 100 मिली 90 सेकंदांत संपत असेल आणि तेवढ्याच लोडवर गॅससह 6 मिनिटं पुरत असेल, तर 75 टक्के डिझेल वाचलं. वाचलेल्या प्रत्येक लिटरमागे साधारण दीड ते पावणेदोन किलो कोळसा लागतो. कोळसा लाकडाच्या पाचव्या-चौथ्या हिश्शाइतकाच उतरतो, म्हणजे लिटरमागे सहा ते नऊ किलो सुकं लाकूड. हा हिशेब आधी मांडा, मगच पत्रा कापा.

जुनं पेट्रोल-रॉकेलचं इंजिन मात्र नुसत्या गॅसवर चालतं. ठिणगीचं टायमिंग 10–15 अंश पुढे घ्यावं लागतं आणि ताकद निम्म्यावर येऊ शकते.

कोळसा: निम्मे बिघाड इथेच

कच्चा कोळसा हा इंजिनाचा खरा शत्रू. आतून तपकिरी राहिलेल्या तुकड्यातून डांबर सुटतं, ते व्हॉल्व्हच्या दांड्यावर चिकटतं, आणि सकाळी थंड इंजिन सुरू करताना व्हॉल्व्ह अडकून पुशरॉड वाकतो. परीक्षा सोपी आहे. मूठभर कोळसा झाकणाच्या डब्यात घाला, झाकणाला खिळ्याने भोक पाडा आणि डबा चुलीवर ठेवा. आधी वाफ येईल, ती चालते. नंतर भोकातून पिवळट, डोळ्यांना झोंबणारा धूर आला तर तो कोळसा पुन्हा भाजा.

किंजळ, ऐन, आकेशिया, सुरू, आंब्याच्या जाड फांद्या यांचा कोळसा चांगला. नारळाच्या करवंटीचा तर उत्तमच: कठीण आणि कमी राखेचा. काजूची टरफलं मात्र भट्टीत कच्ची टाकू नका. त्यांतलं तेल डांबरासारखंच आत जातं आणि त्याचा धूर कातडीला व डोळ्यांना जाळतो. किनाऱ्याला वाहून आलेलं लाकूड आणि खाडीत कुजवलेली नारळाची सोडणंही नकोत. मिठामुळे राख कमी तापमानाला वितळते. भट्टीत हवा सोडणाऱ्या नोझलसमोर 1200 अंशांच्या वर उष्णता असते. तिथे वितळलेल्या राखेचा खंगर बसतो आणि हवेची वाट बंद होते. कांदळवनाला हात लावायचा नाही, ते तोडणं कायद्याने बंद आहे. मालकीतलं झाड असलं तरी तोडण्यापूर्वी वन खात्याकडे परवानगीची चौकशी करा.

तुकड्यांचा आकार 3 ते 20 मिमी हवा. दोन चाळण्या करा: 20 च्या वरचं फोडा, 3 च्या खालची भुकटी शेणखतात टाका. भुकटी राहिली तर ओढ (इंजिन भट्टीतून गॅस खेचतं ती) जड होते. मोठे तुकडे राहिले तर मध्ये पोकळी पडते, तिथून न बदललेला कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि गॅस पेट घेत नाही.

आता ओल. उन्हाळ्यात कोरड्या कोळशाला किलोमागे 100–150 मिली पाणी नोझलच्या हवेबरोबर थेंबथेंब दिलं तर हायड्रोजन वाढतो आणि नोझलही गार राहतं. तीच सवय जूनमध्ये चालू ठेवणं ही इथली नेहमीची चूक. पावसाळ्यात उघडा कोळसा हवेतूनच ओल ओढतो. एक किलो कोळसा वजन करून मंद आचेवर सुकवा. घट 100 ग्रॅमच्या वर असेल तर थेंब बंद करा, 150 च्या वर असेल तर तो कोळसा वापरूच नका. चिखलणीचा कोळसा मे महिन्यात चाळून, झाकणाच्या प्लास्टिक पिंपात सील करून ठेवा. ताजा भाजलेला कोळसा मात्र एक-दोन दिवस उघड्यावर निवल्याशिवाय पिंपात भरू नका, तो आपोआप धुमसून पेटू शकतो.

गळती

चालू असताना सगळी यंत्रणा ओढीवर असते, त्यामुळे भोकातून गॅस बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून गळती दिसत नाही. भट्टीनंतरच्या पाइपात हवा शिरली तर गॅस तिथेच जळतो, पाइप तापतो, किंवा मिश्रण तयार होऊन धडाका होतो. थंड असताना ब्लोअर उलटा लावून आत हवा भरा आणि प्रत्येक वेल्डवर, झाकणावर, क्लॅम्पवर साबणाचा फेस फिरवा. झाकणाला सायकलच्या ट्यूबचं गॅस्केट टिकत नाही, उष्णतारोधक दोरी वापरा. झाकण स्प्रिंगने दाबलेलं असावं, बोल्टने आवळलेलं नको, म्हणजे आत भडका झाला तर ते उचललं जाऊन दाब सुटतो.

ड्रम सडतो तो बुडाला. ओली राख तिथे साचते आणि पत्रा खाते. कामानंतर भट्टी पूर्ण निवली की राख काढा. गरम भागात जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप वापरू नका: जस्ताची वाफ विषारी असते. रंग किंवा रसायनाचा जुना ड्रम न धुता कापणं म्हणजे स्फोटाला बोलावणं.

फिल्टर

क्रम असा: सायक्लोन (गॅस गरगर फिरवून जड धूळ खाली पाडणारं भांडं), मग थंड करणारा लांब पाइप, मग कापडी किंवा फोमचा फिल्टर. क्रम चुकला तर फोम वितळतो. राखेतली वाळूसारखी धूळ लायनर-रिंगा झिजवते, म्हणून फिल्टरनंतरच्या पाइपात पांढरा कपडा फिरवून बघा. काळा आला तर फिल्टर कुठेतरी बाजूने गळतोय. फिल्टरच्या दोन्ही बाजूंना पाणी भरलेली यू-आकाराची पारदर्शक नळी जोडा. स्वच्छ असताना पाण्याच्या पातळीत जो फरक दिसतो, त्याच्या दुप्पट झाला की फिल्टर झटका.

चुकीचं काम निवडणं

कुणग्यांत, म्हणजे भाताच्या लहान खाचरांत, दर दहा-वीस पावलांवर वळावं लागतं. वळताना लोड उतरतो, भट्टी निवते, आणि पुन्हा ताकद लागते तेव्हा गॅस कमजोर असतो. सुपारीच्या बागेचा पंप आणि भाताची मळणी यांत लोड एकसारखा राहतो, गॅसचा खरा फायदा तिथे. चिखलणीला निम्मंच डिझेल वाचेल असं धरून चाला. रस्त्यावर नेण्याआधी आरटीओकडे विचारा, मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 मध्ये वाहनातल्या बदलांवर बंधनं आहेत.

बंद करताना

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. हवेत तो सव्वा टक्का झाला तरी दोन-तीन मिनिटांत माणूस जातो, आणि आपल्या पाइपात तो 28–30 टक्के आहे. इंजिन थांबलं की ओढ संपते आणि तापलेली भट्टी गॅस बाहेर ढकलते. त्यामुळे ट्रॅक्टर मांगरात, पडवीत, गोठ्याजवळ उभा करू नका. पाऊस असला तरी उघड्यावरच, वर पत्रा टाकून. डोकं दुखलं, मळमळलं, पाय लटपटले तर तिथून ताबडतोब मोकळ्या हवेत जा आणि दवाखाना गाठा.

आधी गॅसचा व्हॉल्व्ह बंद करा, इंजिन पाच मिनिटं नुसत्या डिझेलवर चालवा, मग नोझल आणि गॅसची वाट दोन्ही बुचं लावून बंद करा. भट्टी रात्रभर गरम राहते. झाकण सकाळी उघडा, बाजूला उभं राहून, तोंड लांब ठेवून: हवा आत गेली की उरलेला गॅस भपकन पेटू शकतो.