कॉलेज बदलताय? आधी क्रेडिट तपासा

धुळे, नंदुरबार किंवा जळगावच्या कॉलेजात एक-दोन वर्षं शिकून पुण्याला जायचं ठरवलं असेल, तर दाखला काढण्याआधी डिजिलॉकर उघडा. तिथल्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे क्रेडिट जमा होण्याच्या ऑनलाइन खात्यात, तुमच्या प्रत्येक सत्राचे क्रेडिट (विषय उत्तीर्ण झाल्यावर मिळणारे श्रेयांक) दिसतात का, ते पाहा. विद्यार्थ्याला ते स्वतः भरता येत नाहीत, ते विद्यापीठाकडूनच चढवले जातात. म्हणून एखादं सत्र दिसत नसेल तर गुणपत्रिका घेऊन कॉलेजच्या परीक्षा विभागात जा, आणि अर्जाची पोच घ्याच. अपार आयडीवरचं (विद्यार्थ्याच्या ओळख क्रमांकावरचं) आणि गुणपत्रिकेवरचं नाव तंतोतंत जुळतं का, तेही बघा.

क्रेडिट खात्यात आले म्हणजे नवीन कॉलेज ते जसेच्या तसे धरेलच असं नाही. तिथे विषय जुळवून पाहतात. त्यासाठी शिकलेल्या विषयांचा अभ्यासक्रम, कॉलेजच्या सही-शिक्क्यासह, सोबत ठेवा. माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो हाच कागद, आणि नेमका तोच मुलं विसरतात.

विद्यापीठ बदलत असेल तर स्थलांतर प्रमाणपत्रही लागतं. आपल्याकडे ते कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून मिळतं. मूळ गुणपत्रिका कुठेही देऊन टाकू नका, साक्षांकित प्रती द्या.

मध्ये खंड पडला असला तरी घाबरू नका, जमा क्रेडिट साधारणपणे 7 वर्षांपर्यंत वापरता येतात.