तिकिटावरच्या दोन्ही वेळा आधी भारतीय करा

आम्हा बडोदेकरांच्या कितीतरी घरांतली मुलं अमेरिकेत आहेत. तिकीट आलं की आई-बाबा पहिल्यांदा अडखळतात ते वेळेपाशी. लंडनहून सकाळी ११ ला निघून न्यूयॉर्कला दुपारी २ ला पोहोचायचं, म्हणजे समुद्र तीन तासांत पार? तसं नाही. तिकिटावर वेळ त्या-त्या गावची असते.

मी दोन्ही वेळा भारतीय करून घेते आणि मगच वजाबाकी करते.

१. हिवाळ्यात लंडनच्या वेळेत साडेपाच तास मिळवा, न्यूयॉर्कच्या वेळेत साडेदहा.
२. ११ चे झाले संध्याकाळचे साडेचार, २ चे झाले रात्रीचे साडेबारा. खरा प्रवास आठ तासांचा.
३. परतीचंही असंच. न्यूयॉर्कहून रात्री ८ ला निघून लंडनला सकाळी ८ ला पोहोचणारं विमान बारा नव्हे, सातच तास घेतं. अंतर तेच, साधारण ५,५५० किलोमीटर. पण येताना पश्चिमेचा जोरदार वारा पाठीशी असतो.

आई-बाबांची औषधं मी याच हिशेबाने कागदावर लिहून देते. घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवलं की गोळी चुकत नाही.

एक जपा: उन्हाळ्यात तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात, तेव्हा साडेचार आणि साडेनऊ मिळवा. अमेरिका हा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी करते, ब्रिटन शेवटच्या. मधल्या दिवसांतलं तिकीट असेल तर दोन्ही शहरांचा फरक वेगवेगळा तपासा.